डॉलर आटला, रुपया झाला : जुन्या चांदीच्या नाण्याचे मोल



जुन्या चांदीच्या नाण्याची किंमत किती, हा प्रश्न वरवर पाहता सराफाचा किंवा नाणी जमविणाऱ्या हौशी माणसाचा आहे. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने तो व्याख्यानमालेत का मांडावा, असे आपणांपैकी काहींच्या मनात येईल. माझे उत्तर साधे आहे. मजुरी नाण्यात मिळते. तेव्हा ज्याला नाण्याची पारख नाही त्याला आपल्या मजुरीचीही पारख होणे कठीण. मी कॉलेजात गेलेलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, एक वाटाघाट संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या वेळात. पगारवाढीचा हिशेब मांडता मांडता रुपयाचा इतिहास वाचावा लागला, आणि रुपयाचा इतिहास वाचता वाचता मी थेट अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरपाशी जाऊन पोहोचलो.

जळगाव-धुळ्याकडच्या पुष्कळ घरांत दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला एखादा राणीछाप किंवा राजाछाप रुपया ताम्हनात ठेवण्याची रीत आहे. त्या राजाछाप रुपयावर १९१८ किंवा १९१९ हे साल असेल, तर त्यात अमेरिकेच्या आटविलेल्या डॉलरची चांदी असण्याचा बराच संभव आहे. ही दंतकथा नव्हे. याला कायदा आहे, आकडे आहेत, आणि हिशेबही आहे. तो हिशेब आज मी आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रथम रुपया म्हणजे काय ते पाहू. कंपनी सरकारच्या आधी आणि नंतरही काही काळ आपल्या मुलखात एकच रुपया चालत नव्हता. नाशिक-खानदेशाकडे चांदवडी रुपया होता, पुण्याकडे अंकुशी होता, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे निजामाचा हाली सिक्का होता. प्रत्येकाचा कस निराळा आणि वजन निराळे. त्यामुळे एका नाण्याचे दुसरे करावयाचे म्हणजे सराफाला बट्टा द्यावा लागे. तो बट्टा अखेर कोण भरी? ज्याच्या हातात एकच रुपया आहे तो. ज्याच्याजवळ हजार रुपये आहेत तो सराफाशी घासाघीस करू शके. ज्याच्याजवळ एक आहे तो सराफ म्हणेल ते घेई. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील दीडशे वर्षांत नाणी बदलली तरी ही रीत बदललेली नाही.

१८३५ सालच्या कायद्याने कंपनीने एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे १६५ ग्रेन. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्याला कलदार म्हणू लागले. हा रुपया इतका नेमका होता की तो वजनाचे माप झाला. रुपयाभार म्हणजे तोळा, आणि ऐंशी रुपयाभार म्हणजे एक पक्का शेर. नाणे आणि वजन एकच झाल्यामुळे साध्या कुणब्यालाही एक गोष्ट पक्की कळत होती : माझ्या हातात जे आहे त्याची किंमत त्यावरच्या छापात नाही, त्याच्या अंगच्या चांदीत आहे. टांकसाळही तेव्हा खुली होती. चांदी घेऊन जावी, थोडी मजुरी द्यावी आणि रुपये पाडून आणावेत. त्यामुळे बायकोच्या पायांतले तोडे आणि पेटीतला रुपया यांत फारसा भेद नव्हता.

या खानदेशात चांदीचा पहिला मोठा लोंढा आला तोही अमेरिकेमुळेच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. त्या दिवसांत शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, अशा गोष्टी सांगितल्या जातात. त्या खऱ्या असोत वा नसोत, चांदी आली हे खरे, आणि १८६५ साली युद्ध थांबताच भाव कोसळले हेही खरे. कर्ज मात्र तेजीच्या भावाने काढलेले होते. चांदीचा पुष्कळसा भाग आला त्याच वाटेने सावकाराच्या पेटीत गेला.

आता अमेरिकेकडे वळू. त्या देशात पश्चिमेकडे, विशेषतः नेवाडा प्रांतात, चांदीच्या मोठ्या खाणी सापडल्या. चांदी फार झाली, भाव उतरू लागले, आणि खाणवाल्यांनी आपल्या सरकारकडून १८७८ साली कायदा करून घेतला की सरकारने दरमहा निदान वीस लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडावेत. त्या डॉलरला त्याचा साचा कोरणाऱ्या कारागिराच्या नावावरून मॉर्गन डॉलर म्हणतात. एका बाजूस स्वातंत्र्यदेवतेचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस पंख पसरलेला गरुड. वजन चारशे साडेबारा ग्रेन, म्हणजे ४१२.५, त्यात दहा भागांपैकी नऊ भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन.

येथे थोडे गणित करू. ३७१.२५ ला आपल्या रुपयाच्या १६५ ने भागले तर उत्तर येते बरोबर सव्वादोन. एक अमेरिकन डॉलर आटविला की त्यातून सव्वादोन रुपये होतात. ना कमी, ना अधिक. दोन निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या काळी ठरविलेल्या नाण्यांचा असा मेळ बसावा हा योगायोग आहे, पण लक्षात ठेवावयास फार सोयीचा आहे.

अमेरिकेत लोकांना हे जड डॉलर खिशात बाळगावयास नको होते. त्यांनी कागदी दाखले पसंत केले आणि डॉलर पोत्यांत भरून सरकारी तळघरांत पडून राहिले. इकडे हिंदुस्थानात उलट होते. कागद नको, रुपया हवा. या दोन सवयी १९१८ साली एकमेकींना भेटल्या.

पण त्याआधी १८९३ साल आले. जगभर चांदी उतरत होती, आणि हिंदुस्थान सरकारला विलायतेस सोन्यात द्यावयाची रक्कम रुपयांत वाढत चालली होती. म्हणून २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. त्याच वर्षी अमेरिकेनेही चांदीची सक्तीची खरेदी थांबविली. यानंतर रुपयाची किंमत सरकारने एक शिलिंग चार पेन्स अशी वर धरून ठेवली, आणि चांदी मात्र खाली गेली. छापाची किंमत आणि धातूची किंमत या दोन जिवलग बहिणी येथे पहिल्याने वेगळ्या झाल्या.

गरिबाला याचा अर्थ कळला तो दुष्काळात. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला विक्रम संवतावरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, तो खानदेशावर फार कठीण गेला. माणसे तोडे, वाळे, गोठ घेऊन बाजारात आली. पूर्वी ही चांदी वजनाला वजन रुपयाच्या जवळपास जात असे. आता टांकसाळ बंद होती. अंगावरची चांदी स्वस्त, आणि सारा व धान्य ज्या रुपयात मागत तो रुपया महाग. आयुष्यभर ज्याने शिल्लक म्हणून दागिना केला, त्याची शिल्लक एका सरकारी हुकमाने घटली होती, आणि तो हुकूम त्याने कधी वाचलाही नव्हता.

पहिल्या महायुद्धात काटा उलट फिरला. हिंदुस्थानातून कापूस, ताग, कातडी, गहू यांची उचल प्रचंड वाढली. कापसाच्या हंगामात, दिवाळीनंतर, जिनिंगच्या आवारांत गाड्यांच्या रांगा लागत आणि शेतकरी रोख कलदार मोजून घेतल्याशिवाय बैल सोडीत नसे. तेवढे रुपये पाडावयास चांदी कोठून आणावयाची? लंडनच्या बाजारात चांदी १९१५ साली औंसाला सुमारे सत्तावीस पेन्स होती. १९१७ साली ती त्रेचाळीस पेन्सांच्या वर गेली. त्रेचाळीस हा आकडा महत्त्वाचा आहे. त्या भावाला रुपयातली चांदी आणि रुपयाची छापील किंमत सारखी होते. त्यापुढे गेली की रुपया चालविण्यापेक्षा आटविणे फायद्याचे. सरकारने जून १९१७ मध्ये नाणी आटविण्यास बंदी केली, आणि वर्षअखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढली.

लोकांनी नोट घेतली, पण विश्वासाने नाही. देशात अनेक ठिकाणी नोटेवर बट्टा पडला. हातावर पोट असलेल्या माणसाला नोट मिळाली की ती मोडताना आणे-पैसे कमी मिळत. चांदवडी रुपयाच्या काळचा सराफ पुन्हा कोपऱ्यावर येऊन बसला. १९१८ च्या वसंतात मुंबईच्या सरकारी खजिन्यावर नोटा वटविण्यासाठी लोकांची रीघ लागली, आणि शिल्लक रुपये इतके घटले की नोटेवर छापलेले वचन मोडते की काय अशी वेळ आली.

तेव्हा ब्रिटिश सरकारने अमेरिकेकडे धाव घेतली. २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत पिटमन कायदा झाला. पिटमन हे नेवाड्याचे सेनेटर, म्हणजे खाणींच्या प्रांताचे प्रतिनिधी. कायद्याने पस्तीस कोटींपर्यंत डॉलर आटवून ती चांदी औंसाला एक डॉलर या दराने विकण्याची परवानगी दिली. प्रत्यक्षात २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर आटविले गेले. त्यांपैकी २५ कोटी ९१ लाख २१ हजार ५५४ डॉलर हिंदुस्थानसाठी होते. सव्वादोनच्या हिशेबाने, झीज सोडून दिली तर, ही चांदी सुमारे ५८ कोटी ३० लाख रुपयांना पुरणारी होती. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींनी १९१८ आणि १९१९ या दोन सालांचे मिळून ऐंशी कोटींहून अधिक रुपये पाडले. पंचम जॉर्जचे मुंडके छापलेला तो रुपया आपल्या घरात आहे तो यामुळे.

या कायद्यात एक मेख होती, ती कामगाराने ध्यानात घेण्यासारखी आहे. विकलेल्या चांदीइतकी चांदी पुढे अमेरिकन खाणींतूनच आणि तीही औंसाला एक डॉलर या ठरलेल्या दराने सरकारने परत विकत घ्यावयाची होती. लंडनला चांदी फेब्रुवारी १९२० मध्ये साडेएकोणनव्वद पेन्सांपर्यंत चढली आणि मग कोसळली. पण खाणमालकाला १९२३ पर्यंत पूर्ण डॉलर मिळत राहिला. मालकांच्या प्रतिनिधीने मालाचा किमान भाव कायद्यात लिहून घेतला. त्याच काळात मुंबईचा गिरणीकामगार, जानेवारी १९१९ च्या संपात, महागाईने अर्ध्या झालेल्या पगाराला किमान भाव मागत होता, आणि त्याला ते अर्थशास्त्राच्या विरुद्ध आहे असे ऐकविले जात होते.

दुसऱ्या महायुद्धात हीच कथा पुन्हा घडली, पण या वेळी नाण्याच्या पोटातच हात घातला गेला. १९४० साली रुपयातली चांदी बारातल्या अकरा भागांवरून निम्म्यावर आणली गेली; उरलेले तांबे, निकेल आणि जस्त. वजन तेच, आकार तोच, मुंडके तेच. त्याबरोबर जुने चांगले रुपये चलनातून रद्द करण्यात आले : व्हिक्टोरिया राणीचे १९४१ साली, एडवर्डचे १९४२ साली, जॉर्जचे १९४३ साली. चांगले द्यावे आणि हलके घ्यावे, अशी ही अदलाबदल होती. ज्यांना हिशेब कळत होता त्यांनी जुने रुपये पुरून ठेवले. ज्यांना भाकरीची घाई होती त्यांनी ते दिले. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा झाला. त्याच्या मागे वाघ आहे, चांदी मात्र नाही.

आपल्या जळगावचा या इतिहासाशी एक खास संबंध आहे. येथील कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक काढला जात असे, आणि त्याचा पाया होता ऑगस्ट १९३९ बरोबर शंभर. म्हणजे पूर्ण चांदीचा रुपया चालू असतानाचा शेवटचा काळ हाच कामगाराच्या हिशेबाचा शून्य मैल ठरला. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चालू नाण्यात किंवा नोटांतच दिली पाहिजे असा नियम केला. तो फार चांगला कायदा. त्याने मालकाच्या दुकानातल्या चिठ्ठ्यांवर मजुरी भागविण्याची चाल मोडली. पण नाणे द्या म्हणणे निराळे आणि त्या नाण्याला तितकेच धान्य मिळेल असे पाहणे निराळे. हे दुसरे काम महागाई भत्त्याने करावयाचे होते. रुपया हलका होतो तेव्हा भत्ता वाढला पाहिजे, ही मागणी म्हणजे भीक नव्हे. ती बट्ट्याची परतफेड आहे.

त्या युद्धात अमेरिकेने लेंड-लीज करारान्वये पुन्हा सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी हिंदुस्थानला दिली. पण ती उसनी, चांदीची फेड चांदीनेच करावयाची या बोलीवर. फाळणीनंतर हे कर्ज भारत आणि पाकिस्तान यांत वाटले गेले. भारताने आपला वाटा फेडण्यासाठी कलकत्त्याजवळ अलीपूर येथे परत घेतलेल्या निमचांदीच्या रुपयांतून चांदी वेगळी काढण्याचा कारखाना उभारला, आणि १९५७ साली चांदी परत गेली. १९१८ साली डॉलर आटून रुपया झाला होता; आता रुपया आटून चांदी डॉलरच्या देशात परतली. पुढे १९६५ साली अमेरिकेनेही आपल्या किरकोळ नाण्यांतून चांदी काढून टाकली, आणि तेथील लोकांनीही जुनी नाणी दडवून ठेवली. माणसाचा स्वभाव खानदेशात आणि नेवाड्यात सारखाच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या हातातल्या जुन्या नाण्याचे मोल कसे ठरवावे? नाण्याला तीन किमती असतात, आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत.

पहिली छापाची किंमत. रद्द झालेल्या रुपयाची ती आज काही नाही.

दुसरी धातूची किंमत. १९३९ पर्यंतच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम. मॉर्गन डॉलर, आणि १९२१ नंतर त्याच्या जागी आलेला पीस डॉलर, यांचे वजन २६.७३ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम. त्या दिवसाच्या शुद्ध चांदीच्या भावाने गुणले की धातूची किंमत आली. नाणे लोहचुंबकाला चिकटले तर ते चांदीचे नव्हे. वजन कमी भरले तर झीज आहे किंवा खोट आहे.

तिसरी हौसेची किंमत. ही साल, टांकसाळीची खूण आणि नाण्याची अवस्था यांवर ठरते, वयावर नाही. जुने ते महाग हा समज सोडून द्यावा. १९१८-१९ चा रुपया शंभर वर्षांचा झाला तरी कोट्यवधी असल्यामुळे त्याला बहुधा धातूचाच भाव येतो. उलट १९३९ चा पूर्ण चांदीचा रुपया त्याच्याहून लहान असून दुर्मिळ आहे. डॉलरचेही असेच. १९२१ साली साडेआठ कोटींहून अधिक मॉर्गन डॉलर पाडले गेले, म्हणून ते साल साधे. १८९३ सालचा सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचा डॉलर एक लाखच पाडला गेला, म्हणून तो मौल्यवान, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर.

येथे हिंदुस्थानसाठी पेटविलेल्या त्या भट्टीचा पुन्हा संबंध येतो. पिटमन कायद्याखाली कोणत्या सालाचे किती डॉलर आटविले याची नोंद ठेवली गेली नाही. म्हणून किती पाडले या आकड्यावरून किती उरले हे सांगता येत नाही. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर असाच जवळजवळ नाहीसा झाला असे समजले जाई, आणि कोऱ्या नाण्याला हजारावर डॉलर भाव सांगत. १९६२ च्या अखेरीस सरकारी तळघरातून त्याची पोतीच्या पोती बाहेर आली, आणि भाव एका रात्रीत आपटला. हौसेची किंमत ही अशी दुसऱ्याच्या तळघरावर अवलंबून असते. गरिबाने तिच्यावर मुलीचे लग्न ठरवू नये.

सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा-भिल्ल भगिनींच्या गळ्यात रुपयांच्या माळा असतात. कडी डाखलेल्या, चिंचेने घासून लखलखीत केलेल्या नाण्याला हौसेची किंमत राहत नाही. धातूची मात्र पूर्ण राहते. आणि ज्या नाण्याला हौसेची किंमत येईल अशी शंका आहे, ते कधीही घासू नये.

काही वर्षांपूर्वी एक गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या एका सभासदाची म्हातारी आई तीन रुपये घेऊन बाजारात गेली होती. दोन १९१९ चे, एक १९४४ चा. दुकानदाराने तिन्ही निमचांदीचे धरले, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. साले वाचून हिशेब केला तर ती चांदी २७.२ ग्रॅम होत होती. जवळजवळ एक अख्खा रुपया मधल्यामध्ये नाहीसा होणार होता. आमच्या कार्यकर्त्याने साले मोठ्याने वाचून दाखविली, तेव्हा दुकानदाराने दुसरा भाव सांगितला. त्याने वादही घातला नाही, कारण त्यालाही हिशेब ठाऊक होता. फक्त तो म्हातारीला ठाऊक नव्हता.

आणखी एक सूचना. जुने घर पाडताना भिंतीत किंवा जमिनीत नाण्यांचे गाडगे सापडले, तर ते गुपचूप वाटून घेऊ नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते. आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले, आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने जुने कागद जपले म्हणून आपला इतिहास आपल्याला वाचता येतो. गाडग्यातली नाणीही कागदाइतकीच बोलकी असतात. एकदा आटली की मुकी होतात.

तेव्हा मित्रहो, घरी गेल्यावर पेटीतला तो रुपया काढा, उजेडात धरा आणि साल वाचा. १९३९ च्या अलीकडचा की पलीकडचा ते पाहा. मुलांना १६५ आणि ३७१.२५ हे दोन आकडे सांगा आणि त्यांच्याकडून भागाकार करून घ्या. विकावयाचा असेल तर तीन दुकाने विचारा, आणि वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. पगाराच्या पावतीवरचा रुपयाही याच रीतीने वाचावयाचा असतो : छापील आकडा किती, आणि त्याला बाजारात ज्वारी किती मिळते. पहिला आकडा मालक सांगतो. दुसरा आपला आपणच मोजावा लागतो.